बाईंचं लेन्सचं सोवळं

अन्याय प्रणालीवर झाला, माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीवर. गेल्या वर्षी, धुळवडीच्या सकाळी साडेनवाच्या सुमाराला, मांडव्याजवळच्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर. तिचा उजवा डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं, उजेड सोसत नव्हता, म्हणून त्या दिवशी ती चष्मा लावून कामावर गेली. बाहेर लॉनवर मुंबईच्या पाहुण्यांचं रंग खेळणं चाललं होतं. मॅनेजर तिला म्हणाला, "चष्मा काय घातलास? फ्रंट डेस्कला चष्मा चालत नाही, माहितीय ना? लेन्स घाल आणि ये. आज हाउसफुल्ल आहे." ती बाथरूममध्ये गेली, दुखऱ्या डोळ्यात तिने लेन्स घातली आणि दुपारपर्यंत हसतमुख उभी राहिली.

हे आधीच सांगून टाकते. कारण मी लिहिणार आहे ते आमच्या घरमालकीणबाईंविषयी, आणि त्या विक्षिप्त होत्या. त्यांच्या गोष्टी सांगायला लागलं की लोक हसतात. मीही हसते. हसा. पण प्रणालीचा डोळा विसरून हसू नका.

बाईंचं घर मांडव्याहून रिक्षाने थोडं आत, नारळी-पोफळीच्या वाडीत. मागच्या दोन खोल्या त्या नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने देत. एकीत मी, दुसरीत प्रणाली. मी ग्राहकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होते. म्हणजे पत्रकं लिहायची, बाजारात वाटायची, आणि कोणी उत्तर देत नसेल तर त्याच्या दारात जाऊन बसायचं. प्रणाली पेणकडची, मिठागरवाल्या घरातली. बाई गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. अख्खा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. घरी दूध घालणारा, सरपंच, बँकेचा मॅनेजर, सगळे त्यांच्या हातचा मार खाल्लेले.

बाईंच्या डोळ्यांचा आजार जुना. बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे आलेला, दोन्ही डोळ्यांत. चष्म्याने जेमतेम निम्मं दिसायचं. म्हणून तरुणपणापासून त्या कडक लेन्स वापरत. हौस नव्हे, गरज. आणि ती गरज त्यांनी ज्या कडकपणे सांभाळली, त्याला गावात एकच शब्द होता. सकाळी कोणी बाईंना हाक मारली की शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडायच्या, "थांब रे, बाई सोवळ्यात आहेत!"

यात गंमत अशी की बाईंनी खरं सोवळं केव्हाच मोडीत काढलं होतं. त्यांची आई सोवळ्याची धाबळी नेसून स्वयंपाक करायची, पोरांची सावली पडली तरी पुन्हा आंघोळ. बाईंच्या स्वयंपाकघरात कोळीवाड्यातल्या, आगरवाडीतल्या पोरी गणितं सोडवत बसायच्या आणि डब्यातले लाडू हाताने काढून खायच्या. "आईचं सोवळं माणसांपासून होतं," बाई म्हणत. "माझं जंतूंपासून आहे. माणसांनी यावं. हात धुऊन यावं."

त्यांचा तो विधी मी खोलीच्या खिडकीतून रोज बघायची. आधी पंखा बंद, मे महिन्यातही. मग टेबलावर स्टीलचं स्वच्छ ताट, लेन्स पडलीच तर ताटात पडावी म्हणून. साबणाने हात. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट. मग हात कोरडे करायचे, ठणठणीत कोरडे, त्यासाठी वेगळा पंचा, तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. मग पहिल्यांदा उजवा डोळा. कायम उजवा, नाहीतर लेन्सची अदलाबदल होते. रात्री लेन्स काढली की तळहातावर औषध घालून बोटाने चोळायची. डबीतलं कालचं औषध ओतून टाकायचं, त्यातच नवीन वाढवायचं नाही. डबी औषधानेच विसळून पालथी घालायची, सुकू द्यायची. आणि या सगळ्यात नळाचा, विहिरीचा, कसलाही पाण्याचा थेंब नाही. बाटलीचं तोंड बोटाला लागलं तर बाटली बाद.

"पाणी प्यायला, पोहायला, झाडांना," बाई म्हणत. "डोळ्यातल्या लेन्सला नाही." समोर समुद्र, मागे विहीर, वाडीभर पाट वाहतोय, आणि मधे बसून ही बाई पाण्याला शत्रू म्हणते. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारी चळली.

एकदा लेन्स पडली. ताटात नाही, ओटीवर पडली. बाई ओरडल्या, "पुतळे व्हा!" त्या वेळी विजेचा मीटर बघायला आलेला माणूस पायरी चढत होता. त्याचा एक पाय हवेत. त्याने तो तसाच ठेवला, कारण तोही बाईंचाच विद्यार्थी. बाईंनी गुडघ्यांवर बसून फरशीचा एकेक चौकोन हाताने चाचपला. तो बिचारा डुगडुगत म्हणाला, "बाई, पाय टेकू का?" "सरळ उभं राहता येत नाही अजून? आठवीतही यायचं नाही." शेवटी लेन्स सापडली ती त्याच्याच पँटच्या दुमडीत.

दुसऱ्या कोणी ती पुसून डोळ्यात घातली असती. त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि बाई प्रमुख पाहुण्या. गाडी दारात आलेली. बाईंनी लेन्स साफ केली, औषधात ठेवली आणि म्हणाल्या, "आता ही ठरल्या वेळेआधी बाहेर येणार नाही. राष्ट्रपती येऊ देत." एका डोळ्याने संमेलनाला गेल्या. धावण्याचं बक्षीस त्यांनी निबंधवाल्या पोराला दिलं, आणि रांगोळीचं मुख्याध्यापकांना. परत आल्यावर मी हसत होते तर म्हणाल्या, "हस. बक्षिसं उद्या बदलून मिळतील. डोळा कुठल्या शाळेत बदलून मिळतो ते सांग."

शेजारच्या काकूंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट. चक्रीवादळात वाडी झोपली, घरावरची कौलं गेली, किती तरी दिवस वीज नव्हती, विहिरीत झावळ्या आणि पालापाचोळा. त्या सगळ्या काळात बाईंनी लेन्स घातल्याच नाहीत. जाड भिंगांचा जुना चष्मा लावून ठेचकाळत वावरायच्या. काकू म्हणाल्या, "अहो, चाचपडताय कशाला, घाला की लेन्स." बाई म्हणाल्या, "हात धड धुता येत नाहीत त्या दिवसांत लेन्स नाही. न घालणं हेसुद्धा लेन्स वापरण्यातच येतं." हे वाक्य मी पुढे पत्रकात छापलं.

माझ्या पत्रकांचं मात्र बाईंना अजिबात कौतुक नव्हतं. मला त्या 'ए पत्रकवाली' म्हणायच्या. पहिलं पत्रक दाखवलं तेव्हा लाल पेन घेऊन बसल्या. "'जनजागृती' हा शब्द काढ. झोपलंय कोण इथे? लोक पहाटेपासून जागे आहेत. त्यांना माहीत नाही, एवढंच. आणि 'तीव्र निषेध' काय? त्यापेक्षा पाव छापला असतास, कोणी खाल्ला तरी असता. करायचं काय ते लिही. साबण कुठेय तुझ्या पत्रकात?"

मी चिडायची. मी म्हणायची, "बाई, व्यवस्थेचा प्रश्न आहे."

"असेल. व्यवस्थेने हात धुतले का बघ आधी."

एका लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई समजणार नाहीत. गावातल्याच एका मुलीचं लग्न, बाईंची विद्यार्थिनी. संध्याकाळी रिसेप्शन. आम्ही आहेराच्या रांगेत उभे. स्टेजवर पोचलो आणि बाईंनी नवरीच्या हनुवटीला धरून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला.

"काय गं, तुझे डोळे घारे कधी झाले?"

"लेन्स आहेत बाई," नवरी लाजून म्हणाली.

"कोणाच्या?"

"माझ्याच. म्हणजे... पार्लरवाल्या ताईंच्या. त्यांच्या सेटमधल्या."

"म्हणजे मागच्या लग्नात दुसऱ्या नवरीच्या डोळ्यात होत्या."

पार्लरवाली ताई बाजूलाच पिना घेऊन उभी होती. "बाई, आम्ही स्वच्छ ठेवतो हो. गुलाबपाण्यात ठेवतो."

"गुलाबपाणी बर्फीवर शिंपड," बाई म्हणाल्या. "काढ गं त्या."

"बाई, फोटो होऊ देत, मग काढते."

 नवऱ्याची ती लाल मखमली खुर्ची रिकामी होती, कारण नवरा बिचारा उभा. बाई तिच्यावर जाऊन बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर आहेराचं पाकीट. फोटोग्राफर ओरडला, "आजी, साइडला या, फ्रेममधे येताय!" बाई म्हणाल्या, "येऊ दे. आज सगळ्या फोटोंत मी आहे." नवऱ्याकडच्या एक बाई कुजबुजल्या, "ह्या कोण गं? आत्या का?" रांग पार दरवाजापर्यंत गेली. नवरीचे वडील हात जोडत आले, "बाई, लोक खोळंबलेत." "मग पंगत मांडा. मला घाई नाही."

शेवटी नवरी उठली. मागच्या खोलीत साबणाने हात धुऊन तिने लेन्स काढल्या. पार्लरवाली डबी उघडून उभीच होती. बाईंनी ती तिच्या हातून घेतली आणि डबीसकट सगळं खरकट्या पत्रावळींच्या पिंपात टाकलं. नवरी आपल्या काळ्याभोर डोळ्यांनी परत स्टेजवर आली, तेव्हा नवरा म्हणाला, "हां, आत्ता ओळख पटली." हॉल हसला. पार्लरवाली वर्षभर बाईंशी बोलली नाही. पण पुढच्या हंगामात ती नवरीमुलींना सांगताना मी स्वतः ऐकलंय, "लेन्स हव्या तर डोळ्याच्या डॉक्टरकडून स्वतःच्या आणा. मी दुसरीच्या लावणार नाही. आमच्याकडच्या बाई स्टेजवर येऊन बसतात."

आणि याच बाईंच्या घरात, मागच्या खोलीत, प्रणाली मिठाच्या पाण्यात लेन्स ठेवत होती.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण इथे दोष कोणाच्या माथी मारायचा हे ठरवायचं आहे. प्रणाली लहानपणापासून चष्मेवाली. रिसॉर्टवर नोकरी लागली तेव्हा सांगितलं गेलं, डेस्कवर चष्मा नको, पाहुण्यांना फ्रेश चेहरा दिसला पाहिजे. ती तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने नंबर विचारला, लेन्स दिल्या, औषधाची एक छोटी बाटली दिली. कशी घालायची ते आरशात एकदा दाखवलं. कशी ठेवायची ते दाखवलं नाही. खोक्यात बारीक अक्षरांचा कागद होता, इंग्रजीत. प्रणाली मराठी शाळेत शिकलेली. ती बाटली संपली.

सुट्टीत घरी गेली तेव्हा आईला तिने बाटली दाखवली. आईने वास घेतला, थेंब जिभेला लावला. खारट. "आगं, हा तर मीठपानी हाय," आई म्हणाली. "आपले घरात काय मिठाची कमी हाय?" त्यांच्या आगरातलं मीठ म्हणजे घराण्याचा अभिमान. वरच्या थरातलं पांढरंशुभ्र, देवाला ठेवतात ते. आईने ते निवडलं, विहिरीचं पाणी उकळलं, गाळलं, थंड करून धुतलेल्या बाटलीत भरून दिलं. प्रेमाने. शहरातली आई हे करणार नाही. जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मीठ हेच औषध, दातदुखीला मीठ, घशाला मीठ, जखमेला मीठ, तीच आई हे करेल.

बाईंना हे माहीत का नव्हतं? प्रणालीने लपवलं होतं. लेन्स लपवल्या नव्हत्या, बाटली लपवली होती. बाई ओरडतील म्हणून. शिवाय तिला वाटायचं, बाईंच्या लेन्स आजाराच्या, म्हणून त्यांचं एवढं प्रस्थ. आपल्या साध्या. पुष्कळांना असंच वाटतं. डोळ्याला लेन्स साधी की आजाराची हे कळत नाही.

धुळवडीच्या दुपारी ती ड्युटीवरून आली आणि खोलीतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. डोक्यावरून ओढणी. मी आणि बाई आत गेलो. खिडकी उघडली तर ती कळवळली, "नको, नको, बंद करा."

बाईंनी खिडकी लावली. "लेन्स आहे आत?"

"आत्ता काढली."

"डबी दाखव."

डबीतलं पाणी किंचित गढूळ होतं. बाईंनी बाटली हातात घेतली, उजेडाला धरली. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

"हे कुठलं?"

"घरचं आहे, बाई. आईनं उकळून दिलंय. आमच्या आगरातलं मीठ, एकदम शुद्ध..." आणि ती रडायला लागली. रडल्याने डोळा आणखी झोंबला.

बाई ओरडल्या नाहीत. एवढी वर्षं बारीकसारीक गोष्टींवरून गाव दणाणून सोडणारी ही बाई त्या दिवशी इतकं हळू बोलली, की मला भीती वाटली. "उठ. यातलं काही ओतू नकोस. लेन्स, डबी, बाटली, सगळं पिशवीत घे. डॉक्टरला लागेल."

गावातल्या डॉक्टरांकडे त्या दिवशी डोळेवाल्यांचीच गर्दी. कोणाच्या डोळ्यात गुलाल, कोणाच्या फुगा बसलेला. डॉक्टरांनी प्रणालीकडे बघितलं आणि म्हणाले, "रंग गेलाय. थेंब देतो."

"हिने रंग खेळलाच नाही," बाई म्हणाल्या. "ही ड्युटीवर होती. लेन्स वापरते. आणि लेन्स विहिरीच्या पाण्यात ठेवत होती."

डॉक्टरांचा हात थांबला. ते म्हणाले, "मग इथे वेळ घालवू नका. सकाळच्या पहिल्या बोटीने मुंबई गाठा. लेन्स पुन्हा डोळ्यात जाता कामा नये."

मांडव्याच्या जेट्टीवर सकाळी रंगाचे डाग पडलेले पाहुणे परतत होते, केसांत गुलाल, कानांत गाणी. प्रणाली ओढणीखाली. बाईंच्या मांडीवर ती पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. बोट हलली की त्या पिशवी उचलून धरायच्या.

मुंबईच्या डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टर तरुण होत्या, आणि माझ्यासारख्याच स्पष्ट. "डबी आणलीत हे फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. पाण्यात एक जीव असतो, साध्या डोळ्यांना न दिसणारा. विहिरीत असतो, नळात असतो, समुद्रात असतो. प्यालं तर काही करत नाही. लेन्सखाली अडकला तर बुबुळाचा पडदा पोखरतो. मीठपाण्याने तो मरत नाही. पाणी उकळलं तरी पुढे ते ज्या भांड्यात, ज्या हाताने, जितके दिवस ठेवलं जातं त्यात तो परत येतो. लेन्सच्या औषधात जंतू मारणारं द्रव्य असतं, ते मिठात नसतं. दोन्ही बाटल्यांतलं जिभेला सारखंच लागतं. डोळ्याला सारखं लागत नाही.

औषधं महिनोन्‌महिने चालली. सुरुवातीला तासातासाला थेंब. बाईंनी शिकवण्या बंद केल्या आणि प्रणालीची खाट स्वतःच्या खोलीत घेतली. हात धुऊन, कोरडे करून, थेंब. पुन्हा हात धुऊन, पुन्हा थेंब. प्रणाली कधी कधी वैतागून म्हणायची, "बाई, राहू द्या आता एक." "राहू दे म्हणणारे सगळे रिसॉर्टमधे आहेत," बाई म्हणायच्या. "इथे राहू दे नाही. वर बघ."

पहिल्याच आठवड्यात तिची आई आली. ओटीवर बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. "मीच केला. माझे हातान पोरीचा डोला घालवला. आमचे मिठान काय खोट हाय का बाई? सांगा ना. देवाला ठेवतो तो मीठ."

मी तिची समजूत काढायला पुढे झाले. बाईंनी मला हाताने थांबवलं.

"मीठ आणलंत का बरोबर?"

आईने पिशवीतून पुडकं काढलं. सवयीने आणलेलं, कोणाकडे जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "चांगलं आहे. माझ्या कैऱ्या आल्यात उतरून. लोणच्याला हेच घालते." आणि खरोखर त्या दिवशी आईला समोर बसवून त्यांनी कैऱ्या चिरल्या, तिच्या हातूनच मीठ घालून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मिठात खोट नाही आणि तुमच्यातही नाही. हे डोळ्याचं नाही, एवढंच. आणि ते तुम्हाला सांगायचं काम ज्याचं होतं त्याने सांगितलं नाही. कपाळ बडवायचं तर त्याचं."

आईने पदराने डोळे पुसले. "मंग चला, त्याचा बडवू."

बडवलं नाही. पण आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हल्ली सगळं मोबाइलवर असतं हो, मुलींना माहीत असतं." बाईंनी काउंटरवरचं लेन्सचं खोकं उचललं. "यातलं वाचून दाखव." त्याने कागद उलगडला, डोळे बारीक केले, दोन ओळींवर अडखळला. "तुला वाचता येत नाही ते तू तिला विकलंस," बाई म्हणाल्या. तिथे आता मराठीतला एक मोठ्या अक्षरांचा तक्ता आहे. तो मी लिहिला. त्यात 'तीव्र निषेध' नाही. साबण आहे.

उरला रिसॉर्ट. मी पत्र लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर नाही. बाई म्हणाल्या, "चल." त्यांनी त्या दिवशी लेन्स घातल्या नाहीत. कपाटातून तो जुना जाड चष्मा काढला, लावला, आणि माझ्या दंडाला धरून रिसॉर्टच्या लॉबीत जाऊन रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर बसल्या.

मुंबईचं एक कुटुंब चेक-इनला आलं. गृहस्थांना चष्मा. बाई उठल्या, नमस्कार केला. "आत जाताना चष्मा काढून ठेवा हं. इथे चष्मा चालत नाही."

"सॉरी?"

"इथल्या मुलींना चालत नाही. चेहरा फ्रेश दिसत नाही म्हणे. तुमचाही दिसत नाहीये."

पुढच्या पाहुण्यांना तेच. त्याच्या पुढच्यांना तेच. मॅनेजर धावत आला. हाच तो, धुळवडीच्या सकाळचा. बाईंना बघून त्याने आधी पाठ ताठ केली, मग आठवण आल्यासारखी पुन्हा सैल केली. तोही आठवीत बाईंच्याच वर्गात होता.

"बाई, प्लीज. गेस्ट बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतंय. प्रणालीला दिसत नाही."

"बाई, रूल माझा नाहीये. वरून आलाय."

बाईंनी मान वर करून छताकडे बघितलं. त्या भिंगांतून त्यांना छत तरी किती दिसलं असेल. "वर कोण आहे? बोलव खाली."

"मुंबईच्या ऑफिसमधून..."

"तू तिला डोळा लाल असताना लेन्स घालायला लावलीस. ते मुंबईने फोन करून सांगितलं होतं?"

 तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला माहीत नव्हतं, बाई, एवढं होईल."

"मग आता माहीत झालं. लिहून दे. डेस्कवर चष्मा चालतो, आणि डोळा दुखत असेल त्या दिवशी लेन्स घालायला कोणी सांगणार नाही. मराठीत दे, म्हणजे तुलाही वाचता येईल."

त्याने त्या दिवशी दिलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. रोज तोच चष्मा, तोच सोफा, तोच नमस्कार. पाहुण्यांपैकी काही जण हसले, काही चिडले, एका आजोबांनी खरोखर चष्मा काढून खिशात ठेवला. पण एका बाईंनी थांबून सगळं ऐकून घेतलं आणि मॅनेजरला बुकिंग रद्द करायला सांगितलं. त्या संध्याकाळी कागद आला. प्रणाली आता त्याच डेस्कवर आहे, चष्म्यासकट. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरट व्रण राहिला. त्या डोळ्याने तिला वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं दिसतं. पुढे शस्त्रक्रिया करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. कागदाने डोळा परत आला नाही. बाईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "एका रिसॉर्टचं झालं. किनाऱ्यावर किती आहेत?"

मी म्हणाले, पुष्कळ.

"मग हळूहळू जाऊ."

बाईंना ते जमलं नाही. हृदय थांबलं, दुपारी, वाडीत पाट वळवताना. मी आता तळा गावी असते, तिथल्या कामावर. प्रणालीचा परवा फोन आला. दिवेआगरकडच्या एका होमस्टेवर तिची मावसबहीण लागलीय, आणि तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय, चष्मा नको.

म्हणून हे लिहिलं. बाई गेल्या, त्या आता कोणाच्या लॉबीत जाऊन बसणार नाहीत. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात लेन्स वापरणारी एक तरी मुलगी आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे जा आणि म्हणा, लेन्स कशात ठेवतेस ते दाखव. सांगू नको, दाखव. डबीत पाणी असेल, मीठपाणी असेल, कालचं औषध असेल, तर तिथेच ओता आणि ती डबी टाकून द्या. डोळा लाल असेल, दुखत असेल, तर काहीच ओतू नका. लेन्स काढायला लावा आणि डबीसकट तिला डॉक्टरकडे न्या. आणि मग तिला विचारा, कामावर तुला चष्मा लावू देतात का? ती नाही म्हणाली, तर तिला समजवत बसू नका. उद्या सकाळी तिच्या मालकाच्या दारात तुम्ही उभे राहा.